येळवशीच्या दिवशीची सही

वाशी तालुक्यातली एक बाई तक्रार अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आली होती. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण मनातून जात नाही.

वडील वारल्यावर तिच्या भावानं मृत्युपत्र पुढं काढलं. सगळी जमीन त्याला. बहिणीबद्दल एकच ओळ होती : 'मुलीने आजारपणात माझ्याकडे पाठ फिरवली, म्हणून तिला काही देत नाही.' खरं तर म्हाताऱ्याचं औषधपाणी सासर सांभाळून तिनंच केलं होतं.

"जमिनीसाठी मी भांडतेच, साहेब," ती म्हणाली. "पण आण्णांनी माझ्याबद्दल असं लिवलंय का, त्ये आधी कळू द्या. त्या वळीनं मला झोप न्हाय."

'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' ही पळवाट आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ असते. मला ती कधीच रुचली नाही. अर्ज चौकशीवर घेतला.

साक्षीदार दोन. एक भावाचा मेहुणा, दुसरा गावातलाच. बीट हवालदारानं खबर आणली, की या गावातल्या साक्षीदाराशी म्हाताऱ्याचं बांधावरून बोलणंच बंद होतं. मग असल्या माणसाला तो घरात कशाला बोलावेल? मी त्याला जबाबासाठी बोलावलं. गडी पढून आला होता. मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणाऱ्याला भरपूर बोलू द्यावं, तोच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो.

"सही कुठं झाली?"

"घरीच, साहेब. दुपारच्याला. आण्णा बैठकीत बसल्याले."

"गल्लीत कोण होतं?"

"रोजच्यावानी समदे. म्होरची म्हातारी दळण निवडत व्हती."

मी कॅलेंडर त्याच्यापुढं सरकवलं आणि मृत्युपत्रावरच्या तारखेवर बोट ठेवलं. ती येळामावस्या होती, म्हणजे आमची येळवस. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, मग भज्जी आणि आंबिलाचं जेवण. गल्ल्या ओस पडतात.

"येळवशीला घरी दळण निवडणारी म्हातारी मला दाखव," मी म्हणालो, "आत्ता सोडतो तुला."

त्यानं हात जोडले. "चुकलं, साहेब. म्या तिथं न्हवतोच. सही मागनं केली."

भाऊ पुण्यात नोकरीला. येळवशीला तो कित्येक वर्षं गावाकडं फिरकला नव्हता. वडील गेल्यावर कागद करताना त्यानं मागची एक तारीख टाकली, तिथी बघितलीच नाही. 'म्हातारा त्या दिवशी आमच्या कोपीत जेवला,' असं शेजाऱ्यांनीही जबाबात सांगितलं. हस्ताक्षर तज्ज्ञानं सही बनावट ठरवली. गुन्हा दाखल करून भावाला अटक केली, आणि पुढं दिवाणी कोर्टात बहिणीला तिचा वाटा मिळाला.

अटकेच्या दिवशी मी भावाला त्या ओळीबद्दल विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ती मीच घातली. कारण दिल्याशिवाय लोकांना पटलं नसतं."

बाईला बोलावून हे सांगितलं. ती ठाण्यातल्या बाकावर बसली आणि "आण्णा" म्हणून मोठ्यानं रडली. बाप गेल्यापासून तिला रडूच आलं नव्हतं, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं. महिला शिपाई पाणी घेऊन धावली, मी तिला हातानं थांबवलं.

माणसं वाट्यासाठी भांडतात, असं आपण सहज म्हणून मोकळे होतो. त्या वाट्यामागं काय काय अडकलेलं असतं, ते मला या बाईनं शिकवलं. चोरीचे दागिने, गुरं, मोटारसायकली मी नोकरीत पुष्कळ परत केल्या. एका लेकीला तिचा बाप परत देण्याचा मान मात्र एकदाच मिळाला.