उसन्या बटणांची पिशवी

आमच्या थोरल्या जाऊबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही कधी जिंकले नाही, आणि माझी जीभ काही कमी तिखट नाही.

जाऊबाई संख्याशास्त्र शिकवायच्या, दिवसभर राबून आलेल्यांच्या संध्याकाळच्या वर्गात. प्लंबर, बसचा कंडक्टर, दवाखान्यातली मावशी, बेकरीवाला आणि कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणारी मी. दोन सत्रं पास झालो तर प्रमाणपत्र आणि बढती, नाहीतर पुन्हा तेच मशीन आणि तीच पाठदुखी. पुस्तकातली नाणी उडवायची गणितं जाऊबाईंना मुळीच आवडत नसत. "नाणी उडवायला इथं कोण रिकामं बसलंय?" म्हणत त्यांनी माझ्याकडून दहा बटणं मागून घेतली. चार पांढरी, सहा काळी, एका कापडी पिशवीत.

डोळे मिटून एक काढा, रंग सांगा, परत टाका, पिशवी हलवा, पुन्हा काढा. कुणी परत टाकायला विसरलं की त्या ओरडायच्या, "अहो, उसनी आहेत! हरवली तर माझी जाऊ मला घरात घेणार नाही." सगळे माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायचे. घरीही सुटका नव्हती. मी भाजी चिरत असले तरी पिशवी पुढ्यात. "ताई, हात ओले आहेत हो!" "मग? बटणाला काय सर्दी होणार आहे?"

पहिल्या सत्राच्या पेपरात प्रश्न आला. पिशवीत दहा चेंडू, त्यातले चार पांढरे. पहिला परत न टाकता एकापाठोपाठ दोन काढले, तर दोन्ही पांढरे निघण्याची संभाव्यता किती? आम्ही बावीसच्या बावीस जणांनी उत्तर लिहिलं, शंभरात सोळा. पहिला पांढरा बाहेर राहिला की मागे नऊच उरतात आणि पांढरे तीन, हे फळ्यावर शिकलो होतो की! पण हाताला ते माहीत नव्हतं. हातानं आपलं लिहिलं, दहात चार, पुन्हा दहात चार.

विभागप्रमुखांना आम्ही शून्यसर म्हणायचो, कारण "शक्यता शून्य" हे त्यांचं पालुपद. त्यांनी जाऊबाईंना बोलावलं, आणि वर्गाची प्रतिनिधी म्हणून मलाही.

"सगळ्यांचं एकच चुकीचं उत्तर?" शून्यसर म्हणाले. "एकाच्या हातून ही चूक व्हायची शक्यता दहात एक धरा आणि बावीस वेळा गुणा. शक्यता शून्य! ही कॉपी आहे. निकाल रद्द. बाई, इथं सही करा."

जाऊबाईंनी पेनाला हात लावला नाही. "नाही करणार."

"गणित तुमच्यासमोर आहे."

"गणितच चुकलंय, सर. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसेल तरच असा गुणाकार करायचा. यांची शिकवणारी एक, पिशवी एक, सवय एक. मीच रोज परत टाकायला लावलं. चोरी त्यांची नाही, चूक माझी आहे."

"तुम्ही त्यांना पाठीशी घालताय."

"मग तपासा ना! ही माझी जाऊ सोडून एकवीस जणांना एकेक करून आत बोलवा. हिनं सगळं ऐकलंय, ही बाद. एवढंच सांगा की एकापाठोपाठ दोन बटणं काढा. अठरा जण तरी पहिलं आपणहून परत टाकतील. सतराच निघाले तर मी सही करते. आकडा आधीच सांगतेय, मागून सोयीनं बदलला म्हणू नका."

बावीस जणांची अब्रू त्या पिशवीत!

मला कोपऱ्यात तोंड मिटून बसवलं, जाऊबाई खिडकीबाहेर बघत उभ्या. कंडक्टरनं बटण काढलं, परत टाकलं, दुसरं काढलं. बेकरीवाल्यानं दोन्ही एकाच मुठीत उचलली. प्लंबरनं पहिलं काढलं ते थेट खिशात! सुटा भाग दिसला की खिशात, मेल्याची जन्माची खोड. दवाखान्यातली मावशी सरांचा चेहरा बघून बिचकली आणि तिनं बटण टेबलावर ठेवलं. तिघं गेले. आता एकही चुकून चालणार नव्हतं. मी पदराचं टोक चावत बसले. एकामागून एक परत टाकत गेले. शेवटी आला म्हातारा ड्रायव्हर. त्यानं बटण उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. अहो, टाका की! टाकलं त्यानं. वर पिशवी हलवली, अगदी जाऊबाईंसारखी.

"अठरा," जाऊबाई म्हणाल्या.

शून्यसरांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. कॉपी नाही. पण मग शिकवणं सदोष, असं लेखी द्या. पुढच्या सत्रात हा वर्ग तुम्हाला मिळणार नाही."

"हा कुठला न्याय?" मी उसळलेच. जाऊबाईंनी माझा दंड दाबला, ठळक अक्षरांत लिहून दिलं आणि सही केली. मग म्हणाल्या, "माझी चूक माझ्या नावावर लागली, सर. बावीस जणांना तुम्ही चोर म्हणालात, ती कुणाच्या नावावर लावायची?"

शून्यसर कागद सारखे करत बसले.

निकाल लागला. त्या प्रश्नाला सगळ्यांना भोपळा, आणि तो योग्यच होता. बाकीच्या गुणांवर सगळे तरले. पण घरी आले तरी माझा राग जाईना. "तुमचा वर्ग गेला, ताई!"

त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "काढ एक." पांढरं निघालं. हात सवयीनं पिशवीकडे वळला तशी मनगटावर चापटी बसली. "ठेव तुझ्याकडे, तुझंच आहे. मागे उरली किती?"

"नऊ."

"मोजून सांग."

मोजली तर आठच.

"खोली त्यांची होती, वर्ग माझा आहे," जाऊबाई म्हणाल्या. "उद्यापासून सगळ्यांना इथं स्वयंपाकघरात बोलव. मला कोण अडवतो तेच बघते. आणि त्या प्लंबरला म्हणावं, बटण घेऊनच ये."