खोबरेलाची बाटली

त्या सकाळी आम्ही दोघं ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. माझ्या हातून एक सालीसकट पातेल्यात पडला. बायको म्हणाली, "डोळे गेले काय तुमचे? तो तुमच्याच ताटात वाढीन." मग म्हणाली, "उद्या भट्टीवरच्या ठकीला दवाखान्यात न्यायचंय. ताप उतरत नाय तिचा. आठवण करा." दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि बायको गेली. संध्याकाळी माती दिली.

पनवेलात तिला तेलवाल्या बाई म्हणत. वीटभट्टीवर कुणी आजारी पडलं की ही प्रार्थनेला जायची. तिथल्या माणसांच्या टाचा फुटून रक्त यायचं. म्हणून प्रार्थना करता करता ही पायांना खोबरेल चोळायची. वाण्याकडचं साधं तेल. पण एक तापकरी उठून बसला आणि लोकांनी तेलालाच देव केलं. दारात रांग लागली. अंगाऱ्यासारखं कपाळाला लावायचे, बाटल्या भरून न्यायचे. ही ओरडायची, "अरे, तेल टाचंला हाय! बरं करनारा येशू हाय!" ऐकतो कोण?

एका वर्षी मुंबईहून प्रार्थनासभा भरवणारे सभावाले आले. मैदानात मांडव, फलकावर हिचा मोठा फोटो, येशूचं नाव खाली बारीक. त्याच आठवड्यात भट्टीवरच्या ठकीचं पोर तापलं. ती दवाखान्यात गेली नाही, तेल चोळत बसली. पोर गेलं.

बाई ठकीला पोटाशी धरून बसली. घरी आली ती जेवली नाही. "लोकांना येशू दिसना, मीच दिसते. मधी उभी हाय मी."

सभावाल्याला म्हणाली, "येते. पन तापाला आधी दवाखाना, हे मांडवात बोलू द्या."

"बाई, लोकांचा विश्वास उडेल."

"माझ्यावरचा ना? उडू दे. फोटो उतरवा."

सभेला गेली नाही. रांग मोडली. बाजारात बायका म्हणायच्या, बाईंची शक्ती गेली. ही हसायची, "होती कधी?" मग आजाऱ्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जायची, तिथल्या बाकावरच प्रार्थना करायची. पण ठकीच्या पोराचं नाव घेतलं की अडायची. शेवटपर्यंत.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पुन्हा माणसं. मेल्यावर बाई परत मोठी झाली. एक जण म्हणाला, "काका, बाईंची बाटली द्या. घरात पूजेला ठेवतो."

मी बाटली आणली, ओट्यावर बसलो आणि सगळं तेल माझ्या टाचांना चोळलं.

"काका, हे काय केलंत!"

"भेगा पडल्यात," म्हणालो. रिकामी बाटली तिथेच ठेवली, चपला घातल्या आणि भट्टीकडे निघालो. ठकीला दवाखान्यात न्यायचं होतं.