पंपघराकडची पायवाट

नकाशाच्या ऑफिसात ताई उपग्रहाचा फोटो बघून संगणकावर रस्ते आखायची. नव्या फोटोत न दिसणारा रस्ता पुसायचा, हा तिथला नियम.

"ताई, रस्त्यांच्या नकाशात पंपघराकडची ही रेघ जादा राहिलीय," तपासनीस म्हणाला. "चष्मा घरी विसरलात का?"

"वाट आहे तिथं."

"अहो, नुसतं गवत माजलंय! कोण जातं तिथून?"

"बाबा जायचे. पंप चालू करायला, चोवीस वर्षं. एकटेच."

"मग आता?"

"मार्चमध्ये गेले ते."

तपासनीस ओशाळला. "राहू दे मग. मी काही बघितलं नाही."

"नको. खोटी वाट दाखवलेली बाबांना चालली नसती."

तिनं रेघ निवडली. बटण मात्र तिच्यानं दाबवेना. शेवटी ते त्यानंच दाबलं.