व्याह्यांच्या मिशीतलं मेण

महाराष्ट्रातल्या तमाम उपवर मुलींच्या भावांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की बहिणीची सुपारी फुटेपर्यंत त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेऊ नये.

मी घेतली होती! पिंपरीत तेव्हा औषधांचा कारखाना नवा नवा निघाला होता. तिथे मी चिकटलो आणि चिंचवडच्या घरात शास्त्र शिरलं.

आईच्या मोरावळ्याला दरसाल बुरशी यायची. म्हटलं, वर मेणाचा थर ओतू.

"अगं, मेण म्हणजे अल्केन. रॉकेलचंच थोरलं भावंड, पण महाआळशी! पाण्याशी नाही, आंबटाशी नाही, कुणाशी देणंघेणंच नाही."

"म्हणजे तुझ्यासारखंच," आई म्हणाली. (पदवीधराचा हा मान!)

मेण मी हाताला लागलेल्या पातेल्यात वितळवलं. तळाला थोडं तूप होतं, असेना का! बरणीचं तोंड बंद झालं आणि उरलेलं मेण पातेल्यातच थिजलं. पांढरंशुभ्र, वर तुपाचा वास. आता तुपाच्या पातेल्यात पांढरं दिसेल ते तूपच, असं घरानं धरलं तर तो माझा दोष?

दुसऱ्याच दिवशी धाकट्या शालूला बघायला चाकणची मंडळी आली. आधीची तीन स्थळं परत गेली होती, त्यामुळे आईचा जीव मुठीत. मुलाचे वडील आबा. मिशा अशा, की त्यांवर लिंबं कसली, चाकणचे कांदे ठरावेत!

आईनं पातेलं निखाऱ्यावर ठेवलं आणि पुरणपोळीशेजारी वाटी भरली.

"घ्या आबा, घरचं आहे!"

आबांनी रिवाजाप्रमाणे वाटीच तोंडाला लावली.

"व्वा! तूप हाय खरं..."

वाक्य थिजलं. थंडीचे दिवस, मिशीही थिजली! डावं टोक आढ्याकडे, उजवं माझ्यावर रोखलेलं.

"काय पाजलंत वो?"

मी पातेलं ओळखलं. "मेण! पण घाबरू नका आबा. पोटात ते कुणाशी बोलणार नाही. आलं तसं निघून जाईल!"

"मेल्या, आलेलं स्थळ निघून चाललंय!" आई किंचाळली.

आबा खरंच उठले. माझं डोकंच फिरलं! शास्त्र हाताशी असताना मिशीपायी बहिणीचं लग्न मोडायचं? मी त्यांना बळेच बसवलं आणि रॉकेलचं फडकं दोन्ही मिशांवर खसाखसा चोळलं. मेण विरघळलं! (कुणी शाबास म्हणालं? नाव नको!) रॉकेलचे ओघळ मात्र सदऱ्यापर्यंत गेले.

पाहुण्यांचा राग उतरावा म्हणून आई लगबगीनं पेटतं निरांजन घेऊन आली, थेट आबांच्या नाकासमोर. मी कौतुकानं बघत उभा!

आतून शालू धावली आणि तिनं निरांजन फुंकून विझवलं.

ओवाळणीचा दिवा, तोही तोंडानं! सगळे गार पडले. आबांनी ओल्या मिशीला बोट लावलं, वास घेतला, विझल्या वातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले,

"फोडा सुपारी! ह्या घरात शास्तर येतंय ते ह्या पोरीलाच!"