नाक माझं, पारख भावजींची

सकाळी सव्वासातला मंदाचा फोन आला तेव्हा मी अंगणात लेकीच्या चादरी वाळत घालत होते. मंदा माझी धाकटी जाऊ, पाथर्डी फाट्याला राहते. "ताई, हे उठत नाहीयेत..." एवढंच म्हणाली. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. वसंतभावजी, माझे धाकटे दीर, झोपेतच गेले. एकसष्ट हे काय जायचं वय झालं? आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते आमच्या अंगणात बसून काम करत होते. ते काम माझ्यामुळे त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि हे मी इतके दिवस कुणापाशी धड बोलले नव्हते. आज अडीच महिने होतील. म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन कळवणला आले तेव्हा भावजी शाळेत होते. पुढे आमच्यापाठोपाठ तेही नाशकात आले आणि अंबडच्या एका फर्निचरच्या कारखान्यात लागले. तीस वर्षं पॉलिश खात्यात काढली, हातात स्प्रे गन आणि तोंडाला रुमाल. निवृत्त होईतो नाक पार गेलं होतं. "वहिनी, मला अत्तर अन् रॉकेल एकच," असं हसत सांगायचे. गॅसवर दूध करपून घर धुरानं भरलं तरी यांना पत्ता नाही, पेपर वाचत बसलेले. आमचं दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं असेल तर शपथ. भेटलो की भांडण ठरलेलं, आणि भांडल्याशिवाय दोघांनाही चैन पडायचं नाही.

स्नेहल, माझी लेक, लहानपणापासून दम्याची. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी होणार म्हटल्यावर मी हवेतच होते. मागची खोली तिला द्यायची, तीत चकचकीत डबलबेड, भिंतभर कपाट, आरसा... सगळं कोरं! मोबाइलवरचा फोटो मी भावजींना मोठ्या हौसेनं दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करकरून बघितला आणि म्हणाले, "दिसायला लय भारी. पण आत लाकडाचा भुसा हाय वहिनी, अन् तो चिकटवायला जे वापरतात ना, त्याचा वायू महिनोन्महिने सुटत राहतो. मी त्यातच नोकरी केलीय. स्नेहलच्या उशाशी हे नको."

"मग काय जमिनीवर झोपवू तिला?"

"तुमचं नाक मला उसनं द्या. बाकी मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन शोरूममध्ये गेले. काय सांगू त्या दिवसाची शोभा! मी चांगली इरकल नेसलेली, आणि भावजी एकेक ड्रॉवर ओढून म्हणतात, "घाला डोकं आत." मी डोकं घातलं की डोळ्यांना पाणी. सेल्समन धावत आला, "मॅडम, काही पडलं का आत?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भावजींनी कपाटाच्या मागची कड बोटानं चाचपली, पट्टी न मारलेली, भुसा उघडा. सेल्समन म्हणाला, "काका, नव्या फर्निचरचा वास आहे, जाईल महिनाभरात." भावजी शांतपणे म्हणाले, "जातो कुठं? छातीत." परतताना रिक्षात त्यांनी मला सगळं समजावलं. नवंच घ्यायचं असेल तर कमी वायू सोडणारा म्हणून शिक्का असलेला बोर्ड मागायचा, सगळ्या कडा बंद असल्याची खात्री करायची, आणि बाळ यायच्या कितीतरी आधी आणून उघड्या खिडक्यांच्या खोलीत ठेवायचा. नाहीतर सरळ जुनं लाकूड. त्यातलं जे सुटायचं ते केव्हाच सुटून गेलेलं असतं, आणि स्वस्तही पडतं.

जुनं म्हटल्यावर माझा पारा चढला. पहिलटकरीण पोर, आणि तिला दुसऱ्याचा पलंग? कोण झोपलं असेल त्यावर, कोण गेलं असेल! मी तसं बोलूनही दाखवलं. पण भावजींनी भद्रकालीकडच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून चार चकरा मारून सागाचा एक पलंग हुडकलाच. पेठच्या जंगलातला साग असणार म्हणाले, वजन बघा. टेम्पोतून उतरवला तेव्हा काळाकुट्ट, डागाळलेला. त्यांनी रंधा मारून, घासून तो साफ केला, जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दिला आणि तीन आठवडे गच्चीवर शेडखाली ठेवला. फोमऐवजी कापसाची गादी भरून घेतली. कपाट म्हणून आमचंच लोखंडी, ते नुसतं पुसून आत सरकवलं. मी रोज नाक मुरडत होते, पण वास मात्र खरंच कशाचाच नव्हता.

आता माझं कर्म सांगते. सातव्या महिन्यात स्नेहल आली, रविवारी डोहाळजेवण ठरलं. पुण्याहून विहीणबाई येणार. त्यांच्याकडे सगळं शोरूमचं. शुक्रवारी मी त्या पलंगाकडे बघितलं आणि मनात आलं, ह्या बाई म्हणतील, एकुलत्या एका लेकीला माहेरी भंगारातला पलंग मिळाला! भावजी गावाला गेले होते. मी गल्लीतल्या पॉलिशवाल्याला बोलावलं. त्यानं शनिवारी सकाळी दोन हात मारले, पलंग काचेसारखा झाला. थिनरचा वास आला, तो मला आला, माझं नाक काही गेलं नव्हतं... मी उदबत्ती लावली आणि पंखा फिरवत ठेवला. स्नेहलला शनिवारी बाहेरच्या खोलीत झोपवलं. म्हणजे मला कळत होतं. कळत असूनही मी केलं.

रविवारी विहीणबाईंनी पलंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो!" मला काय आनंद झाला... आज तो आनंद आठवला की स्वतःची लाज वाटते. जेवणं झाली, फोटो झाले. सजावटीतल्या फुग्यांना वारा लागू नये म्हणून त्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. दमलेली स्नेहल त्याच पलंगावर आडवी झाली. तासाभरानं तिनं हाक मारली ती ओळखूच येईना. छाती भात्यासारखी, ओठ पांढरे. हे तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. मशीननं वाफ दिली, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई आधी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकत होत्या, आणि मी दाराशी उभी राहून देवाला म्हणत होते, माझं काय वाट्टेल ते कर.

सोमवारी सकाळी भावजी आले. खोलीत गेले, पलंगावर बोट फिरवलं. वास त्यांना येणार नव्हता, चकाकी दिसली. मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवायलाच हवं होतं. ते फक्त म्हणाले, "एक हात लावायला दादाला बोलवा." दोघा भावांनी पलंग अंगणात काढला. सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस भावजी रुमाल बांधून तो घासत होते. आधी खरवडणं, मग पॉलिशपेपर. मध्येच थांबून छातीवर हात ठेवायचे. मी म्हटलं, माणूस बोलवू का? मान हलवून नाही म्हणाले. मी पाणी नेऊन देत होते, चहा नेऊन देत होते, आणि "भावजी, चुकलं माझं" हे तीन शब्द काही तोंडातून निघत नव्हते. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी भुसा झाडला आणि म्हणाले, "लाकूड असंच राहू द्या. बोडकं." आणि गेले. बुधवारी सकाळी फोन.

डॉक्टर हृदयविकार म्हणाले. दोन वर्षं गोळ्या चालू होत्या, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. पण मला आपलं वाटत राहिलं, ते दोन दिवस मी त्यांना बसू दिलं नसतं तर...

स्नेहलला मुलगी झाली. सुखरूप. पंधरा दिवसांची होऊन आता त्या बोडक्या पलंगावर हातपाय झाडते, आणि तिची आई शेजारी स्वस्थ श्वास घेत झोपते. परवा मंदा बाळाला बघायला आली. दारातच थांबली, आत येईना. मी हाताला धरून तिला आणलं आणि पलंगावर बसवलं. मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. पॉलिश मी लावून घेतलं, माफीही मागितली नाही, ते माझ्यावर रागावून गेले, मंदा.

मंदा पदरानं डोळे पुसत हसली. "रागावून? अहो ताई, मंगळवारी घरी आले आणि जेवताना मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, 'दोन दिवसांत वहिनी एकदासुद्धा माझ्याशी भांडल्या नाहीत गं. लय मनाला लावून घेतलंय त्यांनी. उद्या सकाळीच जातो अन् त्यांच्या चहाला नावं ठेवतो. भांडल्या की मोकळ्या होतील.'"

बाळ जागं झालं, मी तिला मंदाच्या मांडीवर दिलं आणि चहा टाकायला आत गेले. मंदा, स्नेहल आणि मी, तीन कप पुरला असता. मी चार टाकला.