पोचा काढणारा मास्तर

निवृत्त माणसाने काय करावं, याबद्दल जळगावात सल्ल्यांची टंचाई नाही. केळीचे वेफर्स कर, हास्यक्लबात जा, सोसायटीचा सेक्रेटरी हो. मी पत्र्याच्या शिट्ट्या करायला शिकायचं ठरवलं. बायको म्हणाली, "घरात शिट्ट्या फक्त कुकरच्या वाजतील. बाकीच्या बाहेर वाजवून या." म्हणून दर गुरुवारी सकाळच्या एस्टीने मी धुळ्याला जायला लागलो. पारोळ्याला गाडी थांबली की भजी, आणि धुळ्याला उतरलो की नाना.

नाना म्हणजे पत्र्याचं काम करणारे कारागीर. खाली दुकान, वर घर. कोठ्या, डबे, नरसाळी ही त्यांची रोजची कामं, पण वर्षातून एकदा, मुक्ताईनगरच्या यात्रेआधी, ते शंभरेक शिट्ट्या करत. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा. कातरीने दोन पट्ट्या कापायच्या. एक वळवून गोल पोट करायचं, दुसरी चपटी ठेवून तोंड. पोटावर एक खिडकी. फुंक तोंडातून येते, खिडकीच्या धारेवर आपटते आणि तिथे आवाज जन्मतो. पोटात गावठी बोराची बारीक आठळी. ती फिरते म्हणून शिट्टी नुसती किंचाळत नाही, तर खळखळते. शेवटी सांधे जोडायला नवसागर लावून वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचा की झाली शिट्टी.

हे सगळं मला आधीच ठाऊक होतं, अशी माझी समजूत होती. तीस वर्षं नववीला मी ध्वनी शिकवला. फळ्यावर शिट्टीची आकृती इतकी सुबक काढायचो की मुलं खोडायला कचरायची. माझी पहिली शिट्टी मात्र वाजलीच नाही. दुसरीतून आवाजाऐवजी आठळी बाहेर आली. तिसरी वाजली, पण नाना म्हणाले, "मास्तर, हिले सर्दी व्हयेल शे."

नानांकडे खिळ्याला एक जुनी शिट्टी टांगलेली असायची. तिला ते 'नमुना' म्हणत. काळपट, ओबडधोबड आणि पोटावर अंगठ्याएवढा पोचा. चारशे पावलांवरून ओळखू येईल असा तिचा आवाज होता. सरळ जायचा, मध्येच दोन गचके खायचा आणि पुन्हा सरळ. नानांचा रिवाज असा, की सकाळी दहाला आणि दुपारी चारला नमुना एकदाच वाजवायचा. तो वाजला की वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली छोटी बादली खाली येई, तीत चहा. वर अक्का, म्हणजे नानांची बायको. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून जिन्याऐवजी बादली. आणि चहा येईपर्यंतच्या तेवढ्या मिनिटांत, नमुन्याचा आवाज कानात ताजा असताना, नाना त्या दिवशीच्या शिट्ट्या तपासायचे. ज्या शिट्टीत तसे गचके नसतील ती चेपून बाजूला.

गंमत म्हणजे खाली दिवसभर शिट्ट्या वाजत असायच्या आणि अक्का ढिम्म. नमुना वाजला की मात्र बादली हलायची. माझ्या बायकोला माझा फोन वाजलेला कळत नाही, आणि इथे हे!

यात्रेला आठ दिवस उरले होते. चाळीस शिट्ट्या डाग देऊन तयार, तपासायच्या बाकी. नाना किराणा दुकानातून रिकामे डबे आणायला निघाले. जाताना म्हणाले, "मी डबा लई येस. तुम्ही फक्त बठा. कशाले हात लावू नका."

मी बसलो. दहा मिनिटं तर नक्की बसलो.

मग माझी नजर नमुन्यावर गेली. तो पोचा. एवढा मोठा कारागीर, आणि त्याची स्वतःची शिट्टी अशी चेपलेली! मला वाटलं, बिचाऱ्याला वेळच मिळाला नसेल. शिष्याने गुरूची एवढी सेवा करू नये का? शिवाय शास्त्र माझ्या बाजूला होतं. पोट गोल असेल तर आठळी नीट फिरणार, हे मी फळ्यावर कितीदा तरी सिद्ध केलं होतं. मी खिडकीतून वाकडी सळई घातली, बाहेरून लाकडी हातोडीने हलके हलके ठोकलं आणि पोचा काढला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? दंतमंजन घेऊन नमुना घासलाही. तो असा चमकायला लागला की त्यात मला माझा चेहरा दिसला. प्रसन्न होता.

नाना आले, डबे टेकवले. घड्याळात चार. खिळ्याकडे न बघताच त्यांनी हात लांब करून नमुना घेतला आणि फुंकला.

स्वच्छ, गुळगुळीत, एका रेषेत आवाज निघाला. गचका एकही नाही. मी मनात स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले.

बादली काही हलली नाही. नानांनी पुन्हा फुंकलं. वरून अक्कांचा आवाज आला, "खाले पोलीस उना का हो?"

"मी शे, मी!" नाना ओरडले.

"मंग तुम्हनी शिट्टी कोठे गई?"

आता नानांनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. उजेडात नेऊन फिरवली. पोटावरून अंगठा फिरवला, जिथे तो आजवर बसत आला होता तिथे. मग शांतपणे विचारलं, "मास्तर, पोचा कोठे गया?"

"काढला!" मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, हे सांगायला आज लाज वाटते.

नाना चिडले असते तर बरं झालं असतं. ते पाटावर बसले आणि त्या चाळीस शिट्ट्यांकडे पाहत राहिले. "आते यासले कसावरथीन तपासू?" एवढंच बोलले. मला तेव्हा कुठे कळलं, की मी भांडं घासलं नव्हतं, माप पुसलं होतं. नानांकडे त्या आवाजाचं मोजमाप कागदावर नव्हतं की पट्टीवर नव्हतं. त्या एका पोच्यात होतं, आणि तो मी दंतमंजन लावून घालवला होता. आणि न तपासलेली शिट्टी नाना यात्रेत विकायला ठेवणार नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं.

मग खटपट सुरू झाली. नानांनी लहान हातोडी घेतली, ऐरणीवर नमुना धरला, एक ठोका. फुंकलं.

"हाई ते कंडक्टरनी शे!" वरून निकाल आला.

पोचा थोडा खाली. फुंकलं.

"कुकर!"

आणखी थोडा डावीकडे.

"आते ते काहीच नही शे. नुसती हवा शे. आनि देखा, च्या भेटाव नही!"

रस्त्यावर दोनचार माणसं थांबली होती. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून मत दिलं, की दुसरी बरी होती. वरून अक्कांनी त्यालाही गप्प केलं. नानांनी नमुना कानाशी धरून बोटाने टिचकी मारली. "पत्रा थकना," ते म्हणाले. "आखो दोन ठोका मारात का फाटी जाई."

माझी परतीची एस्टी एव्हाना सुटली असेल, असा हिशेब मी केला, आणि उठायची हिंमत केली नाही. काहीतरी उपयोगी बोलावं म्हणून शिक्षकी बाण्याने विचारलं, "नाना, मुळात हा पोचा पडला कसा होता? ते कळलं तर तसाच पाडता येईल."

"वरथीन पडेल व्हती. लगीन व्हयनं त्या सालले."

मग जिन्यावर पावलं. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. इतक्या गुरुवारांत मी अक्कांना प्रथमच पूर्ण पाहिलं, एरवी गॅलरीतून फक्त हात दिसायचे. त्यांच्या एका हातात कठडा होता आणि दुसऱ्या हातात लाटणं. मी नकळत पाटावर मागे सरकलो.

"पडेल नही शे," अक्का म्हणाल्या. "मी मारेल शे. लाटनाघाई."

नानांनी मान वर केली.

"नवी नवरी व्हतू मी. यासनी शिट्टी करी, आनि घंटाघंटाले वाजाडेत. च्या दे, च्या दे. एक दिन मी ती वट्टावर ठेई आनि दिना एक ठेई. मंग भ्याव वाटना, तं सांगं का पडनी."

"आनि मी समजू का..." नाना म्हणाले, आणि नमुन्यावरून अंगठा फिरवला. ज्या आवाजावर त्यांनी शंभर-शंभर शिट्ट्या जोखल्या, तो आवाज कारागिरीचा नव्हता, रागाचा होता.

"पण अक्का," मी म्हणालो, "आता तो राग कुठून आणायचा?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "राग येवाले तुम्ही शेत ना."

ऐरणीवर नको, दगडी ओट्यावरच ठेवा, असं त्यांनी बजावलं. मी नमुना दोन बोटांनी धरला. बोटं कुठे आहेत याची मला फार काळजी होती, त्यांना अजिबात नव्हती. लाटणं खाली आलं. एकच ठोका. माझं नख वाचलं ते एका सुताने.

नाना फुंकायला गेले तर अक्कांनी हात धरला. "आते नही. मी वर जास, मंग." आणि पुन्हा एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. तो जिना तेवढा लांब असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. इस्त्रीवालाही श्वास धरून उभा होता.

नानांनी फुंकलं. आवाज सरळ गेला, अडखळला, गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग एक अगदी बारका तिसरा. मला तो स्पष्ट ऐकू आला. नानांनाही आला, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

वर काही क्षण काहीच हललं नाही. मग दोरी सैल झाली आणि बादली डुलत डुलत खाली आली. तीत दोन कप.

"पहिलासारखी नही शे," नाना हळूच म्हणाले, आणि पहिली शिट्टी तपासायला उचलली. "पन बादली उनी ना!"

मी माझा कप घेतला, पहिला घोट घेतला. साखर दाणाभरही नव्हती. वर पाहिलं तर गॅलरीत दोन हात कठड्यावर टेकलेले, वाट बघत.

"कसा शे च्या, मास्तर?"

"फार छान, अक्का," मी म्हणालो, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.