आम्रपालीनं मोजलेली घरं

विट्याच्या बौद्ध वस्तीत अंगणवाडी चालवणाऱ्या आम्रपालीनं चौतिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासू येसूबाई मात्र हसली नाही. "शीक तू. पोरीचं मी बगते," एवढंच म्हणाली. पोरगी म्हणजे पायल, सातवीतली. नवरा चार वर्षांपूर्वी पुण्याला कंपनीत लागला होता आणि तिथंच त्यानं दुसरं घर थाटलं होतं.

ही १९९३ ची गोष्ट. दर रविवारी आम्रपाली सकाळची एसटी धरून सांगलीला वर्गाला जायची. समाजशास्त्र शिकवायला चिंतामण सर. निवृत्तीला आलेले, हातात पिवळ्या पडलेल्या नोट्स. एका रविवारी त्यांनी कुटुंब शिकवलं. नवरा, बायको, त्यांची मुलं. कमावता तो प्रमुख. नवरा सोडून गेला की ते विघटित कुटुंब. "म्हणजे मोडलेलं," सरांनी सोपं करून सांगितलं.

आम्रपालीचं लिहिणं थांबलं. वर्ग सुटल्यावर ती सरांपाशी गेली.

"सर, माझा नवरा न्हाई घरात. पण चूल पेटती, पोरगी शाळेत जाती, सासूला दम्याचं औषध वेळेवर मिळतं. मग मोडलंय काय आमचं?"

सर गडबडले. "परीक्षेत पुस्तकातलंच लिहा. मार्क पडतील."

ती परतीच्या एसटीत बसली. तासगाव मागं पडेपर्यंत तिचे डोळे भरून येत होते.

पण पुढच्या रविवारी सर नोट्स न आणताच आले.

"आमच्या वेळी कुटुंब म्हणजे यंत्र समजायचे," ते म्हणाले. "एक भाग निखळला की यंत्र बंद. मग आपल्याकडचे अभ्यासक गावोगाव फिरले. बघतात तर भावाभावांच्या चुली वेगळ्या, पण शेती आणि सणवार एकत्र. पुढं बायका अभ्यास करायला लागल्या. त्यांनी विचारलं, घरात राबतं कोण आणि सगळ्यात शेवटी जेवतं कोण? आता तर घरात कोण कोण आहे, यापेक्षा ती माणसं एकमेकांसाठी काय करतात, हे बघतात. मी वाचायचंच सोडलं होतं. या बाईंनी परत वाचायला लावलं." मग आम्रपालीकडं वळून म्हणाले, "तुमच्या भागातली घरं बघा. निबंध लिहा."

अंगणवाडीमुळं तिला प्रत्येक दार ओळखीचं. वस्तीतली आणि शेजारच्या गल्लीतली मिळून चौदा घरं तिनं धरली. त्यातल्या शालूबाईचा नवरा कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या दुकानात, वर्षातनं दोनदा यायचा.

"कुटुंबप्रमुख कोण लिहू?" आम्रपालीनं विचारलं.

शालूबाईनं भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडं बोट केलं. मग जरा थांबून म्हणाली, "आगं, पण पोरांची शाळा, म्हातारा, म्हशी, समदं मीच बगती की. माझंच लिव्ह."

पुस्तकातल्या व्याख्येत चौदातली पाचच घरं बसली.

चौदातलं शेवटचं घर तिचं स्वतःचं. येसूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. आम्रपालीनं वही उघडली आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"आत्याबाई, तुमी लेकाकडं न जाता हितं का ऱ्हाता?"

"न्यायला आला हुता की. तीनदा."

"कवा?"

"तू अंगणवाडीत आसताना. मीच त्याला म्हणलं, तिला सांगू नगं. लय जीवाला लावून घेईल."

"मग तुमी का न्हाई गेला?"

"दम्यानं गुदमरले, तवा रात रात पाठ कुणी चोळली? ल्योक माझाच हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पण माझं घर हितं हाय."

आम्रपालीला पुढं लिहवेना. ती वही मिटून सासूशेजारी बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

परीक्षेत तिनं आधी पुस्तकातली व्याख्या लिहिली, मग त्याखाली निबंधातली ती चौदा घरं. १९९६ ला ती सेकंड क्लासमध्ये पास झाली. येसूबाईनं काठी टेकत घरोघर पेढे वाटले.

त्याच वर्षी दिवाळीत नवरा येऊन गेला. आईनं त्याला पोटभर जेवू घातलं, पायलनं आपली बक्षिसं दाखवली, आम्रपालीनंही पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. जाताना तो दारात घुटमळला. "आई, चल की आता," म्हणाला.

"यीत जा आसाच," येसूबाई म्हणाली आणि त्याला एसटीत बसवून घरी परत आली.